आजाराआधीचं निदान: परिशिष्टात गेलेल्या नोंदीची पार्श्वभूमी

तरुणपणी होणारा गंभीर मनोविकार आधीच ओळखता येईल का, याचा शोध १९६० च्या दशकात कोपनहेगनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून घेतला गेला. त्याला दवाखान्याचं रूप आलं ते १९९० च्या दशकात, मेलबर्नमध्ये. तिथे घराण्यातल्या आजारापुरतं न थांबता सौम्य लक्षणं असलेली मुलं निवडली जाऊ लागली. कानात आवाज येतो, पण तो खरा नसावा असंही वाटतं. लोक आपल्याबद्दलच बोलतायत असा संशय येतो, पण समजावलं की पटतं. अशांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास मुलांना वर्षभरात सायकोसिस (भास-भ्रम खरेच वाटून वास्तवाचं भान सुटणं) झाला आणि संशोधकांना हुरूप आला.

पुढे जगभरचे अभ्यास २०१२ मध्ये एकत्र केले, तेव्हा हे प्रमाण वर्षभरात २२ आणि तीन वर्षांत ३६ टक्के भरलं. म्हणजे धोका आहे असं सांगितलेल्या तिघांपैकी जवळपास दोघांना तोवर सायकोसिस झालेला नव्हता. नेमक्या याच सुमारास मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या (डीएसएम) पाचव्या आवृत्तीत या सौम्य लक्षणांच्या अवस्थेला स्वतंत्र निदान म्हणून घ्यायचं की नाही, यावरून जुंपली. बाजूने बोलणारे म्हणत, ही मुलं आजच त्रासात आहेत, नोंदच नसेल तर उपचार कशाच्या आधारावर करायचे? विरोधकांना भीती होती ती शिक्क्याची आणि पंधरा-सोळाव्या वर्षी विनाकारण सुरू होणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांची. ती भीती रास्तच होती. डॉक्टरा-डॉक्टरांत निदानाबाबत पुरेशी एकवाक्यता आहे, हेही चाचणीत खात्रीने सिद्ध झालं नाही. २०१३ मध्ये ही अवस्था ‘अधिक अभ्यासासाठी’ म्हणून पुस्तिकेच्या मागच्या, परिशिष्टासारख्या विभागात गेली. गंमत म्हणजे मुख्य भागातल्या ‘इतर’ या सदरात तिचं उदाहरण तसंच राहिलं, त्यामुळे ज्याला निदान करायचंच होतं त्याची वाट बंद झालीच नाही.

प्रतिबंधाचीही गत फारशी वेगळी नाही. व्हिएन्नातल्या ८१ जणांच्या चाचणीत (२०१०) माशाच्या तेलाने सायकोसिस टाळण्यात कमाल केली होती. ३०४ जणांच्या पुढच्या चाचणीत ती दिसली नाही. त्याहून बोचरी माहिती २०१७ मध्ये दक्षिण लंडनमधून आली. पहिल्यांदा सायकोसिस झालेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के आधी अशा धोका-सेवेत आलेले होते. निवडक मुलांऐवजी सरसकट सगळ्या वर्गाला हाताशी धरायचं, तर ब्रिटनमधल्या ८,००० हून अधिक शाळकरी मुलांवर झालेली माइंडफुलनेसची (आत्ताच्या क्षणावर लक्ष ठेवण्याच्या सरावाची) चाचणीही २०२२ मध्ये निष्प्रभ ठरली.