ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक, १९०६

ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्ससाठी १२ जानेवारी ते ८ फेब्रुवारी १९०६ या काळात झालेली निवडणूक. तीत उदारमतवादी पक्षाने ६७० पैकी सुमारे ४०० जागा जिंकल्या आणि हुजूर पक्षाची दोन दशकांची सद्दी मोडली.

हुजूर पक्षाचे पंतप्रधान आर्थर बॅल्फोर यांनी डिसेंबर १९०५ मध्ये निवडणूक न घेताच राजीनामा दिला. सत्ता समोर दिसली की उदारमतवादी आपसांत भांडतील, हा त्यांचा डाव होता. तो फसला. उदारमतवादी नेते सर हेन्री कॅम्बेल-बॅनरमन यांनी मंत्रिमंडळ बनवले आणि सत्तेत बसूनच लोकांकडे कौल मागितला.

प्रचार पेटला तो पावावरून. हुजूरांच्या मित्रपक्षाचे नेते जोसेफ चेंबरलेन यांनी १९०३ पासून आयात मालावर जकात बसवण्याचा आग्रह धरला होता. वसाहतींच्या मालाला त्यात सवलत मिळणार होती. साम्राज्य एकत्र बांधण्याची ही योजना कागदावर भव्य होती, पण परदेशी गव्हावर जकात म्हणजे पाव महाग, एवढेच कामगाराच्या घरात पोचले. उदारमतवाद्यांच्या भित्तिपत्रकांवर खुल्या व्यापाराचा मोठा पाव आणि जकातीचा लहान पाव शेजारी शेजारी छापलेले असत. आकडेवारीची व्याख्याने त्यापुढे टिकली नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत करारावर आणलेल्या चिनी मजुरांचा प्रश्नही गाजला. त्यात माणुसकी होती, तशी गोऱ्या मजुराची पोटदुखीही होती. १९०२ च्या शिक्षण कायद्याने प्रस्थापित (अँग्लिकन) चर्चच्या शाळांना करदात्यांचे पैसे मिळू लागले, म्हणून इतर प्रॉटेस्टंट पंथ आधीच खवळलेले होते.

मतदान सगळीकडे एका दिवशी होत नसे. वेगवेगळ्या मतदारसंघांत ते चार आठवडे चालले, त्यामुळे आधीच्या निकालांची हवा पुढच्या मतदारसंघांना लागे. १३ जानेवारीला मँचेस्टरचा निकाल आला. वीस वर्षे आपल्याकडे असलेली जागा खुद्द बॅल्फोर हरले, आणि कापडगिरण्यांच्या त्या शहरात त्यांच्या पक्षाला एकही जागा उरली नाही. हुजूर पक्षातून फुटलेले तरुण विन्स्टन चर्चिल मात्र त्याच शहरातून उदारमतवादी म्हणून निवडून आले. १९०० मध्ये ४०२ जागा मिळवणारा हुजूर पक्ष आणि त्याचे मित्र मिळून आता १५७ च्या आसपास उरले. मतांतली तफावत मात्र एवढी नव्हती: विजेत्यांना सुमारे ४९ टक्के, पराभूतांना ४३. ही लाट बरीचशी मतदारसंघांच्या गणिताने फुगवलेली होती. उदारमतवाद्यांचे प्रतोद हर्बर्ट ग्लॅडस्टन आणि मजूर प्रतिनिधी समितीचे चिटणीस रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी १९०३ मध्ये गुपचूप केलेल्या जागावाटपाचाही त्यात हात होता. त्या समझोत्यामुळे मजूर प्रतिनिधींना २९ जागा मिळाल्या आणि निवडणुकीनंतर लगेच त्यांनी ‘मजूर पक्ष’ हे नाव घेतले. स्त्रियांना मत नव्हते, पुरुषांपैकीही बऱ्याच जणांना नव्हते. उलट दोन ठिकाणी मालमत्ता असलेला गृहस्थ दोनदा मत देऊ शके.

या संसदेने कामगार संघटनांना संपामुळे होणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले (१९०६) आणि सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना निवृत्तिवेतन सुरू केले (१९०८). जानेवारी १९१० च्या निवडणुकीत मात्र उदारमतवाद्यांचे स्पष्ट बहुमत गेले.

हिंदुस्थान हा प्रचाराचा विषय नव्हता, तरी पुण्या-मुंबईत या निकालाकडे डोळे लागलेले होते. निवडणूक तोंडावर आहे हे ओळखून गोपाळ कृष्ण गोखले आणि लाला लजपतराय १९०५ मध्ये काँग्रेसतर्फे इंग्लंडमध्ये सभा घेऊन आले होते. उदारमतवादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या परंपरेतले जॉन मोर्ले भारतमंत्री झाल्याने मवाळांच्या आशा उंचावल्या. त्याच मोर्लेंनी फेब्रुवारी १९०६ मध्ये बंगालची फाळणी ही होऊन गेलेली गोष्ट असल्याचे संसदेत सांगून टाकले. इंग्लंडमधल्या उदारमतवाद्यांची तत्त्वे त्यांच्या देशापुरती असतात, असे लोकमान्य टिळकांनी जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात बजावले. हा टोला पुढच्या घटनांनी बराचसा खरा ठरवला: १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा भारतमंत्री मोर्लेच होते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळे वाढवली आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही आणले.

मुंबईशी नाते असलेले दोन पारशी गृहस्थ या निवडणुकीत उभे होते, तेही परस्परविरोधी बाजूंनी. ऐंशी वर्षांचे दादाभाई नवरोजी उत्तर लँबेथमधून लढले. पण अधिकृत उदारमतवादी उमेदवार दुसराच होता आणि तो जिंकला. हुजूर पक्षाचे सर मंचेरजी भावनगरी १८९५ पासून बेथनल ग्रीनचे खासदार होते. तेही या लाटेत वाहून गेले. दादाभाई त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि तिथून त्यांनी स्वराज्याची मागणी केली.