उन्हाळ्यात ओलावणारी भिंत

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचा टॉवेल तासाभरात कडक होतो. अशा दिवसांत कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके वाढत असतील, तर त्याचा दोष पावसाला देता येत नाही. तरी आपण तो देतोच. ३१ जुलै २०१९ ला शहरात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. त्यामुळे कुठल्याही ओलीला 'तेव्हाच्या पुराची' हे उत्तर तयार असतं. पुरात भिजलेली भिंत वाळायला महिने लागतात हे खरं. पण मधले दोन उन्हाळे पाहूनही ती ओलीच राहिली असेल, तर तिला अजूनही कुठून तरी पाणी मिळतंय.

बुरशीचे बीजाणू घरात नसतात असं कधी होत नाही. २ ते १० मायक्रोमीटरचे हे कण खिडकीतून, कपड्यांवरून, भाजीच्या पिशवीतून रोज आत येतात. त्यांना खायला भिंतीवरची धूळ, रंगातला चिकटद्रव्याचा अंश, प्लायवूड, कागद, काहीही चालतं. बुरशी आपली पाचकद्रव्यं बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. तापमान आपल्याला सोसतं तेच तिलाही आवडतं. म्हणजे बीजाणू, अन्न आणि ऊब या तिन्हींवर आपला काही इलाज नाही. उरतं फक्त पाणी.

आणि पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतला दमटपणा नव्हे, तर भिंतीच्या अगदी पृष्ठभागालगतचा. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या गटांतल्या काटक बुरश्यांना तिथली सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८० टक्के असली तरी पुरते. स्टॅकिबॉट्रिससारखीला ९० टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळजवळ चिंब पृष्ठभाग लागतो. आता मे महिन्यातली दुपार घ्या. खोलीतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास, आणि भिंतीवर मात्र बुरशी जोमात. हवेतून एवढं पाणी तिला मिळणं शक्य नाही. ते भिंतीच्या पोटातूनच येत असणार. कपाट भिंतीला खेटून असेल तर मागची हवा हलत नाही, बाहेर पडलेली वाफ तिथेच कोंडते. म्हणून ठिपके आधी कपाटामागे दिसतात आणि मोकळ्या भागात फक्त रंग थोडा काळवंडतो.

डोळ्याआधी बहुतेक वेळा नाकाला कळतं. वाढणारी बुरशी उडून जाणारी काही रसायनं सोडते. १-ऑक्टेन-३-ऑल हे त्यातलं एक, अळंब्यांना वास येतो तो त्याचाच. हे रेणू रंगाच्या थरातून आणि कपाटाच्या फटीतून सहज बाहेर येतात. घर चार दिवस बंद ठेवून परत आल्यावर दार उघडताच कुबट वास आला, तर तो नीट ध्यानात ठेवावा. अर्ध्या तासात नाक सरावतं आणि मग घरच्यांना काहीच जाणवत नाही.

भिंतीवरचं सगळं पांढरं मात्र बुरशी नसतं. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच साठतात, तो लोणा. बोटाने चुरला तर तो साखरेसारखा कुरकुरीत लागतो, थेंबभर पाण्यात बराचसा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, पसरते. लोणा तब्येतीला निरुपद्रवी आहे, पण त्याचं सांगणंही तेच: इथून पाणी येऊन गेलंय.

हे पाणी कोणाचं, हे ओळखायला माझ्या मते सगळ्यात चांगलं साधन म्हणजे कॅलेंडर आणि घड्याळ. ओल शोधणारे उपकरणवाले कॅमेरे लावतात, ते उपयोगी असतातच. पण त्याआधी पंधरवडाभर डागाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून तारीख-वेळ लिहिली तर निम्मा शोध फुकटात लागतो. कारण घरातलं प्रत्येक पाणी आपापल्या वेळेनेच वाहतं.

महापालिकेचं पाणी आपल्याकडे ठरावीक वेळेलाच येतं. त्या लाइनवर गळती असेल तर नळ आला की दाबाने पाणी बाहेर पडतं, आणि डाग त्यानंतर काही तासांत गडद होऊन पुढच्या नळापर्यंत फिका पडत जातो. इथे एक गोष्ट ओलीहून गंभीर आहे. नळ गेल्यावर पाइपातला दाब उतरतो, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर गेलं त्याच भोकातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. शेजारून गटार जात असेल तर विचारायलाच नको. अशी गळती सापडली तर भिंत राहू दे बाजूला, आधी जमिनीखालची टाकी रिकामी करून धुवावी.

गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी लाइन मात्र रात्रंदिवस भरलेली असते. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, त्यामुळे तीन मजली इमारतीत तळमजल्याच्या सांध्यांवर सर्वांत जास्त ताण. या लाइनच्या गळतीला चढउतार नसतो. डाग सावकाश, पण एकसारखा वाढत राहतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून, दिवसाला सव्वाचार लिटर होतात आणि वर्षाला दीड हजारांहून जास्त. तपासणी सोपी आहे: रात्री मोटर आणि सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची उंची काठीने मोजा, सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजा. पातळी उतरली असेल तर आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पाहा. कोणी फ्लश न ओढता पाव तासात रंग भांड्यात उतरला, तर दोष भिंतीत नाही, फ्लशच्या झडपेत आहे.

सांडपाण्याची गळती वापराबरोबर येते आणि वापराबरोबर जाते. माझी मावशी वाडी भागात राहते. तिच्या देवघराची भिंत दर दिवाळीला रंगवायची आणि संक्रांतीपर्यंत पोपडे धरायचे. प्लंबरने वर पाहून निकाल देऊन टाकला होता, "मासी, ऊपरवाळाना बाथरूमनुं लीकेज छे." वरचे लोक मुलाकडे कॅनडाला गेले, त्यांच्या बाथरूमला कित्येक महिने कुलूप होतं, आणि डाग तरीही वाढत राहिला. तेवढ्यावरून बाथरूम निर्दोष ठरलं. शेवटी दोष निघाला तिच्याच स्वयंपाकघरात: ओट्यामागे गाडलेल्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा एल्बो आतून गंजला होता. तिथलं पाणी गिलाव्यातल्या विजेच्या वायरच्या नळीत शिरलं होतं आणि त्या नळीच्या उताराने पलीकडच्या खोलीत उतरत होतं. (अशा भिंतीतला स्विचबोर्ड वापरू नये, त्या भागाचा एमसीबी पाडून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.) बाथरूमवरच संशय असेल तर नहाणीचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवतात. खाली काहीच उतरलं नाही तर फरशी चांगली आहे, मग पाइपात स्वतंत्र पाणी सोडून पाहायचं. शेजाऱ्याशी भांडण्याआधी ही परीक्षा करून घेतलेली बरी.

एसीचं पाणी तर आपण विसरूनच जातो. दमट दिवसांत चालणारा एसी तासाला लिटरभर पाणी सहज गाळतो, आणि नव्या फ्लॅटांत त्याची नळी दिसायला नको म्हणून भिंतीत गाडलेली असते. बाहेरच्या तोंडाशी बादली ठेवा. एसी रात्रभर चालून बादली कोरडी राहिली, तर ते पाणी भिंतीतच जिरतंय. श्रावणात एसीचा दुसराही एक प्रताप दिसतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. २४ अंशांच्या हवेत जेमतेम २२ ग्रॅम मावतं. म्हणून गार खोलीच्या भिंतीला पलीकडून, एसी नसलेल्या खोलीत घाम फुटतो. इथे पाइप फोडून काही हाती लागणार नाही. शंका असेल तर भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा: कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतलं.

एक लक्षात ठेवायला हवं की पाणी भिंतीत फक्त खाली जात नाही. विटेतली छिद्रं इतकी बारीक असतात की समईच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यांतून वर चढतं. दहा मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत हिशेबाने ते दीड मीटर चढायला हवं. प्रत्यक्षात वाटेतच वाफ होऊन जात असल्याने जमिनीची ओल सहसा मीटरभराच्या आत थांबते. म्हणून कमरेखालची ओल घराच्या पायातून आलेली, असा अंदाज करता येतो. डोक्यावरच्या डागासाठी वरचं पाणी शोधावं.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती ओल्या व्हायच्या, पण बुरशी तितकी धरत नव्हती असं म्हातारी माणसं सांगतात. त्याला कारण आहे. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो आणि इतक्या अल्कधर्मी पृष्ठभागावर बहुतेक बुरश्यांचा टिकाव लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा चुनखडक होतो तसा हा गुण ओसरतो. पण दरवर्षी सफेदी मारली की तो थर नवा व्हायचा. शिवाय चुना वाफ बाहेर जाऊ देतो. आजचा धुता येणारा प्लास्टिक रंग वाफ अडवतो, म्हणून त्याला फुगे येतात. तरी चुन्याने गळती बंद होत नाही, हेही खरं.

गळती थांबवल्यावर सफाई. इथे लोक ब्लीच ओततात आणि डाग पांढरा झाला की समाधान पावतात. ब्लीचने रंग उडतो. पण क्लोरीन पृष्ठभागावरच खर्ची पडतो, आतल्या छिद्रांत उरतं ते पाणी, म्हणजे बुरशीचीच सोय. शिवाय मेलेल्या बुरशीच्या तुकड्यांनीही अ‍ॅलर्जी होतेच, त्यामुळे मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर ब्लीच चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. टाइल्स, काच, रंगवलेला पत्रा साबणाच्या पाण्याने घासून निघतो. पोपडे धरलेला गिलावा खरवडावाच लागतो, तोही पाणी शिंपडून, पंखा बंद ठेवून, तोंडाला एन-९५ मास्क लावून. कोरडा झाडू मारला की बीजाणू घरभर होतात. फुगलेलं प्लायवूड आणि जिप्समचं छत वाचवायच्या भानगडीत पडू नये.

आरोग्याबद्दल दोन्ही टोकांची विधानं ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत ओलसर, बुरशीच्या घरांचा संबंध खोकला, घरघर आणि दम्याशी जोडला आहे, आणि त्यात वाद नाही. 'विषारी काळी बुरशी' ही भीती मात्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधून पसरली. १९९३-९४ मध्ये तिथे काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि संशय स्टॅकिबॉट्रिसवर गेला. २००० मध्ये सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, पुन्हा तपासून हा संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. काळा रंग शेकडो बुरश्यांना असतो. प्रजाती शोधायला नमुना प्रयोगशाळेत पाठवण्यापेक्षा तेच पैसे प्लंबरला द्यावेत. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं मूल किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल, तर सफाईच्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवावं.

यानंतर वाट पाहणं, आणि नेमकं तेच कोणाला जमत नाही. बांधकामवाले ठोकळ हिशेब सांगतात, विटेच्या भिंतीला इंचाला महिना. नऊ इंची भिंत चिंब झाली असेल तर दोन्ही बाजू उघड्या ठेवूनही काही महिने जातात. बडोद्याच्या उन्हात ते लवकर होतं, पावसाळ्यात जवळजवळ होतच नाही. म्हणजे नवरात्रात गळती दुरुस्त झाली तर दिवाळीला ती भिंत रंगवायची नाही. पाहुण्यांना उघडी वीट दिसली तर दिसू द्या. कपाट हातभर पुढे ओढून ठेवा, आणि होळीनंतर तोच प्लास्टिकचा कागद पुन्हा चिकटवा. दोन दिवसांनी आतली बाजू कोरडी निघाली की रंगाऱ्याला फोन करायचा, नाहीतर आणखी महिनाभर थांबायचं.