तंबाखू डोक्याला लागते, हाताला का नाही?

निपाणीकडे तळहातावर तंबाखू-चुना मळणारा माणूस दिसला की माझी नजर त्याच्या अंगठ्यावर जाते. नवख्याला ती 'लागते': गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. शेतात ओलं पान खुडणाऱ्यालाही हाच त्रास होतो, कारण निकोटिन कातडीतूनही आत शिरतं. पण बोटं काही आखडत नाहीत. खरं तर आखडायला हवी होती!

कारण स्नायू आकसण्याचा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलिन या रसायनातून देतो. ते घेणारा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, स्नायूवर असतो आणि त्याचाच सख्खा भाऊ मेंदूत. दोघांची घडण एकच: पाच प्रथिनं वारीतल्या रिंगणासारखी गोल उभी, मधे बोळ. निरोप आला की बोळ उघडतो आणि सोडियम आत घुसतं. स्नायूच्या ग्राहीत अल्फा-१ जातीची प्रथिनं असतात, मेंदूतल्या मुख्य ग्राहीत अल्फा-४ आणि बीटा-२.

निरोप बसतो तो दोन प्रथिनांमधल्या खोबणीत, आणि निकोटिनही त्याच्या जागी तिथेच बसू पाहतं. तिथे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची एक वीट, आहे. त्याच्या कड्यांवर इलेक्ट्रॉनचा ढग असतो आणि तो धन प्रभाराला ओढून घेतो. ॲसिटिलकोलिनवर धन प्रभार कायमचाच. निकोटिनला मात्र हा प्रभार प्रोटॉन, म्हणजे धन प्रभाराचा कण, घेऊन मिळवावा लागतो. इथे चुन्याचं काम कळतं. चुना अल्कधर्मी, तो प्रोटॉन काढून घेतो. प्रभार नसलेलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन पार होतं. रक्तात पोचल्यावर त्यातल्या बहुतेक रेणूंना प्रोटॉन परत मिळतो आणि मेंदूत ते ट्रिप्टोफॅनला जाऊन चिकटतात. (मिश्रीने दात बळकट होतात म्हणणाऱ्या आयाबायांना हे आवर्जून सांगा. हिरडीतूनही निकोटिनच आत जातं, आणि मिश्रीची तलफ त्याचीच.)

मग स्नायू का सुटतो? खोबणीतली अमिनो आम्लं तर दोन्हीकडे सारखीच! २००९ साली अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. फरक खोबणीच्या जरा बाहेर, एकाच जागेवर आहे. मेंदूत तिथे लायसिन, स्नायूत ग्लायसिन. लायसिन असलं की प्रथिनाच्या साखळीचा शेजारचा वळसा हायड्रोजन बंधाने नीट आवळला जातो, आणि ट्रिप्टोफॅन निकोटिनला घट्ट धरेल अशा बेताने बसतो. ग्लायसिन असलं की ती पकड सैल. स्नायूच्या ग्राहीत त्यांनी मुद्दाम लायसिन घातलं, तर तिथेही निकोटिन घट्ट बसू लागलं. एका अमिनो आम्लाने केवढा फरक पडतो! हा प्रयोग वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

नेमक्या ग्राहीवर बसणारं औषध घडवायचं तर असेच बारीक फरक हेरावे लागतात. २०१६ मध्ये मेंदूतल्या या ग्राहीची निकोटिनसकट स्फटिकरचना, म्हणजे अणू-अणूची जागा दाखवणारा नकाशा, मिळाली. त्याच्या दहा वर्षं आधीच, २००६ मध्ये, व्हॅरेनिक्लिन हे व्यसन सोडवणारं औषध बाजारात आलं होतं. सायटिसिन या वनस्पतीतल्या रसायनावरून ते घडवलं. ते खोबणीत बसून बोळ अर्धवटच उघडतं, म्हणून तलफ निवते, आणि जागा अडल्याने वरून ओढलेल्या विडीची मजा उरत नाही. अल्फा-७ या दुसऱ्या ग्राहीला मात्र ते पुरतं चेतवतं. निवडक औषध म्हणजे एकाच जागी बसणारं औषध नव्हे.

'नवऱ्याच्या नकळत आमटीत मिसळा' म्हणून व्यसनमुक्तीच्या पुड्या विकतात, त्यात काय आहे हे विकणारा सांगत नाही. त्यावर पैसे घालू नका. बेळगावला किंवा चिकोडीला डॉक्टरांकडे गेलात तर व्हॅरेनिक्लिनबद्दल विचारा. त्यांनी दिलीच तर ती गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची, कारण मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास आहे.