टेफ्लॉनची रिंग वितळण्याआधीच हरते

बेळगावच्या उद्यमबागेत परवा ट्रॅक्टरच्या टिपिंग ट्रॉलीचा जॅक खोलताना पाहत होतो. पिस्टनच्या खाचेतून मिस्त्रींनी टेफ्लॉनची पांढरी बॅकअप रिंग काढून हातावर ठेवली. तिच्या एका कडेला कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झालर आली होती. नवी बसवली तेव्हा कड सरळ होती. ‘‘तेल तापलं की अशी दबते बघा,’’ मिस्त्री म्हणाले.

अशा जॅकमध्ये दाब 150 बारपर्यंत चढतो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर दीड क्विंटल भार. तेल अडवणारी रबरी ओ-रिंग पिस्टन आणि सिलिंडरमधल्या फटीत घुसू नये म्हणून तिच्या पाठीशी ही रिंग बसवतात. टेफ्लॉन वितळतं 327 अंशांना, आणि जॅकचं तेल शंभरीच्याही खाली असतं. मग झालर आली कुठून?

प्लास्टिकचे रेणू सुतळीसारखे लांबच लांब. सतत दाबून धरले की न वितळताही ते एकमेकांवरून हळूहळू सरकतात, आणि उष्णतेने ही सरक वाढते. इंग्रजीत याला ‘क्रीप’ म्हणतात. टेफ्लॉनमध्ये तर कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरिनचं घट्ट वेष्टन असतं, त्यामुळे शेजारच्या रेणूशी त्याची ओढ फार क्षीण. तव्याला डोसा चिकटत नाही तो याच गुणामुळे, आणि ही रिंग फटीत ओघळली तीही त्याच गुणामुळे! मला या पदार्थाची सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

म्हणून वितळणबिंदू पाहून भाग निवडू नये. किती भार, किती तापमान आणि किती काळ, हे तिन्ही एकत्र विचारावं लागतं. नायलॉन 66 चं उदाहरण घ्या. ते वितळतं सुमारे 260 अंशांना, पण प्रमाणित चाचणीच्या भाराखाली साधी पट्टी सत्तरीच्या आसपासच वाकते. त्यात 30 टक्के काचतंतू मिसळले की तीच पट्टी जवळपास 250 अंशांपर्यंत तग धरते. वितळणबिंदू मात्र होता तिथेच राहतो. भार तंतूंनी उचललेला असतो. गाड्यांच्या रेडिएटरच्या टाक्या अशाच नायलॉनच्या असतात.

चिकोडी-निपाणीकडे नदीवरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांनाही हे लागू आहे. पीव्हीसीच्या ‘सहा किलो’ (दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणाऱ्या) पाइपवरचा आकडा 27 अंश तापमानाचा असतो. एप्रिलच्या उन्हात बांधावर उघडा पडलेला पाइप हाताला चटका देतो, तेव्हा त्याची ताकद सहा किलोची उरलेली नसते. तोच पाइप जमिनीत गाडला की थंड राहतो.

त्या जॅकमध्ये मिस्त्रींनी या वेळी तपकिरी रिंग बसवली. तीही टेफ्लॉनचीच, पण काशाची पूड मिसळलेली. पुडीचे कठीण कण साखळ्यांना सरकताना अडवतात.