‘आकारिक’चे गुण कसे झाले : ऑनलाइन वर्गातल्या अभिप्रायाची पार्श्वभूमी

ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना मिळणारा अभिप्राय त्यांच्या उपयोगी का पडत नाही, ही चर्चा बहुधा मार्च २०२० पासून सुरू केली जाते. पण महाराष्ट्रात अभिप्राय आणि गुण एकाच तक्त्यात येऊन बसले होते ते शाळा बंद होण्याच्या दहा वर्षे आधी.

दूरस्थ शिक्षणाचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८४० मध्ये इंग्लंडात टपालाने लघुलिपीचे धडे जात आणि विद्यार्थ्यांचे काम दुरुस्त होऊन परत येई. शिक्षकाशी गाठ पडायची ती त्या दुरुस्तीपुरती. पुढे आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांनी स्वाध्यायांना अंतिम निकालात वाटा दिला आणि टिपणीपेक्षा गुणांकडे आधी नजर जाऊ लागली.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे एकाच वार्षिक परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती पाहण्याची तरतूद होती. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ती पहिली ते आठवीच्या वर्गांत आली. पहिली-दुसरीला आकारिक (शिकत असतानाच्या) मूल्यमापनाला ७० आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाला ३० टक्के भार, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०.

घोळ झाला तो इथेच, आणि शब्दापासूनच. शिकत असतानाचे मूल्यमापन आणि शिकून झाल्यावरचे मूल्यमापन असा भेद १९६७ मध्ये इंग्रजीत मांडला गेला, तो मुळात अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. पुढे तो विद्यार्थ्यांना लावला गेला. शिकणे चालू असताना त्याला आकार द्यायचा, या अर्थाने मराठीत ‘आकारिक’ शब्द घडवला. हिंदीने ‘रचनात्मक’ म्हटले. मराठी कानाला मात्र ‘आकारणे’ म्हणजे शुल्क किंवा दंड लावणे हे जास्त ओळखीचे. ‘संकलित’नेही गोंधळ वाढवला, कारण वर्षभर संकलन करावे लागते ते आकारिक नोंदींचेच. अभिप्रायासाठी ‘प्रत्याभरण’ हा शब्द प्रशिक्षणाच्या पुस्तिकांबाहेर पडला नाही. शाळेत ‘शेरा’ आणि ‘नोंद’ हेच शब्द राहिले, आणि शेरा हा काम संपल्यावर मारायचा असतो.

शब्द वेगळा असता तर सगळे सुरळीत झाले असते असे नाही. खरी चूक टक्केवारीत होती. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय ही साधने मुलाचे कुठे अडते हे शोधण्यासाठी. त्यांना ७० टक्के भार दिला की शिक्षकाला प्रत्येक साधनापुढे आकडा भरावाच लागतो. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे तीन वर्णनात्मक रकाने होते. पण ४० मुलांच्या वर्गात वर्षाला दोन सत्रांच्या नोंदी लिहिताना तयार नोंदींच्या याद्या वापरात आल्या. ‘गणितात सरावाची गरज’ हे वाक्य कोणत्याही मुलापुढे चालते, म्हणून ते कोणाच्याच कामाचे नाही. ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिणाऱ्या मुलाला हवी असते ती एवढीच ओळ : ‘दशक सुटा केलास, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायचे राहिले.’

जून २०२० मध्ये वर्ग फोनवर गेले तेव्हा हीच घडी सोबत आली. ४० मुलांनी पाच विषयांच्या वह्यांचे एकेक पान पाठवले तरी २०० फोटो होतात. त्यातले काही आडवे, पेन्सिलीचे लिखाण पुसट, व्हॉट्सॲपवर फोटो आकुंचित झाल्याने अक्षर फुटलेले. उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह जाई, आणि पालकाला वाटे की वही तपासून झाली. चुकलेल्या पायरीवर लाल खूण करून सोबत तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवला, की वाचता न येणाऱ्या आईलाही तो कळतो. पण घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर असेल तर तो रात्रीच ऐकला जातो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या तासाआधी तेच गणित पुन्हा मागवावे लागते.

गूगल फॉर्मच्या चाचणीत बरोबर आणि चूक उत्तरासाठी वेगवेगळा अभिप्राय लिहिण्याची सोय आहे. ती रिकामी राहिली, की मुलाला ‘१० पैकी ६’ हा आकडा आणि फार तर बरोबर-चूकच्या खुणा दिसतात; का चुकले ते कळत नाही. लघुउत्तरात तर देवनागरी आकड्यांतले २५ आणि इंग्रजी आकड्यांतले २५ ही यंत्रासाठी दोन वेगळी उत्तरे. दोन्ही रूपे उत्तरसूचीत भरली नाहीत, तर बरोबर उत्तराला शून्य मिळते. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वर्गोन्नत झाली. जिथे संकलित चाचणी झालीच नव्हती, तिथे आकारिकचे गुण शंभरांत रूपांतरित करून श्रेणी देण्यात आली. शिकण्याला आकार देण्यासाठी केलेल्या नोंदी हाच पूर्ण निकाल झाला. दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाला २० गुण ठरले. निकाल ९९.९५ टक्के लागला. गुणांच्या फुगवट्याची ओरड झाली, पण त्या २० गुणांमागे मुलांना प्रत्यक्ष काय सांगितले गेले होते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पाचवीला विषयवार ५० आणि आठवीला ६० गुणांची. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची आहे. ते मार्गदर्शन कुठून सुरू करायचे हे गुणपत्रकातल्या आकड्यावरून कळत नाही; त्यासाठी ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात मुलाची चुकलेली पायरी लिहिलेली असावी लागते.