वस्तीतली भित्तिचित्रे: रहिवाशांना आधी विचारण्याची पद्धत कशी रूढ झाली

वस्तीच्या भिंतीवर चित्र काढायचे ठरले की आज बैठक आधी होते, रंग नंतर येतो. चित्रकार रहिवाशांकडून विषय घेतो, कच्चे रेखाटन त्यांच्यापुढे ठेवतो, सूचना ऐकून बदलतो, पुन्हा दाखवतो. मगच परांची बांधली जाते. हा क्रम काही वस्त्यांच्या आग्रहातून आणि काही फसलेल्या कामांतून घडत गेला.

सार्वजनिक भिंतींवरच्या आधुनिक चित्रांची सुरुवात बहुतेक वेळा मेक्सिकोपासून सांगतात. १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या. दिएगो रिवेरा, ओरोस्को आणि सिकेइरोस यांनी त्यांवर शेतकरी, कामगार आणि क्रांती आणली. सामान्य माणूस चित्रात आला खरा, पण काय काढायचे हे ठरवण्यात त्याचा वाटा नव्हता. अमेरिकेतही मंदीच्या काळातल्या फेडरल आर्ट प्रोजेक्ट या सरकारी योजनेने (१९३५–४३) कलाकारांना पगार दिला, आणि १९५९ मध्ये फिलाडेल्फियाने बांधकाम खर्चातला एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम केला. पैशाची सोय झाली, विचारण्याची नाही.

खरे वळण १९६७ चे. शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलाकारांच्या गटाने एका जुन्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. मुष्टियोद्धा मोहम्मद अली, कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स, गायिका नीना सिमोन अशी आपली माणसे लोकांना आपल्याच रस्त्यावर दिसू लागली. भिंतीसमोर कवितावाचन आणि संगीत होई. चित्र हे जमण्याचे ठिकाण झाले. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि पुढे ती पाडली गेली, पण तोवर हा नमुना दुसऱ्या शहरांत पोहोचला होता.

१९७६ मध्ये चित्रकार जूडी बाका यांनी लॉस एंजेलिसच्या तुहुंगा वॉश या पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटवर काम सुरू केले. तिथे मुले रंगवायला तर होतीच, शिवाय इतिहासकारांबरोबर बसून विषयही शिकत होती. काम अनेक उन्हाळे चालले, ४०० हून अधिक तरुणांचे हात लागले आणि चित्र सुमारे २,७५४ फूट झाले. इतक्या लांबीचे काम एकसंध दिसते, कारण मूळ रेखाटन प्रमाणात मोठे करून आधी आखलेले असते. ती शिस्त सोडली तर प्रत्येकाचा तुकडा वेगळा पडतो.

उलट बाजूचा धडा न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांच्या चौकात मिळाला. शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ हे शिल्प, म्हणजे १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत, १९८१ मध्ये चौकाच्या मधोमध उभी राहिली. रोज तो चौक ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांची वाट तिने अडवली. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १२२ जण शिल्प ठेवण्याच्या बाजूने बोलले, ५८ विरोधात. तरीही १९८९ मध्ये ते तोडून हलवले गेले. शिल्प चांगले की वाईट यावर वाद आजही होतो. आमच्या मते चूक त्याआधीची होती: जागा वापरणाऱ्यांना सुनावणीची वेळ मिळाली ती शिल्प उभे राहिल्यानंतर.

फिलाडेल्फियात १९८४ मध्ये जेन गोल्डन यांच्यासोबत सुरू झालेल्या भित्तिचित्र कार्यक्रमाने एक तांत्रिक अडचणही सोडवली: परांचीवर चढू न शकणाऱ्यांनी चित्रात हात कसा लावायचा? तिथे न विणलेले पातळ कापड वापरतात, त्याला ‘पॅराशूट क्लॉथ’ म्हणतात. चित्राचे साधारण ५ फूट चौरस तुकडे पाडतात, बाह्यरेषा आणि रंगांचे क्रमांक कापडावर उतरवतात, आणि शाळेत, तुरुंगात, वृद्धांच्या केंद्रात टेबलावर ते रंगवले जातात. मग प्रायमर दिलेल्या भिंतीवर अॅक्रिलिक जेल लावून तुकडे चिकटवतात. जेल कापडाच्या दोन्ही बाजूंना लागते आणि हवा मधून कडेकडे दाबत काढावी लागते. बुडबुडा राहिला तर तिथूनच कापड सुटते. सर्वांत मोठा शत्रू ओल. छप्पर गळत असेल किंवा पायातून पाणी चढत असेल तर क्षार फुलतात, लोणा लागतो आणि पोपडे मागून सुटतात. कितीही महागडे वार्निश समोरून लावा, उपयोग नाही. म्हणून गळती आधी बंद करायची, नवा सिमेंटचा गिलावा किमान चार आठवडे सुकू द्यायचा. उन्हाच्या भिंतीवर कमी टिकाऊ लाल-पिवळे आधी विटतात, तिथे लोहयुक्त मातीरंग बरे.

१९९० च्या अमेरिकी कायद्याने कलाकाराला आपले काम नष्ट होण्यापासून काही संरक्षण दिले. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवरची चित्रे २०१३ मध्ये रातोरात पांढरी केल्याबद्दल मालकाला २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यावे लागतील असा निकाल २०१८ मध्ये लागला आणि २०२० मध्ये अपिलात टिकला. मात्र हा हक्क कलाकाराचा. विषय सुचवणाऱ्या शेजाऱ्यांचा नाही. म्हणून वस्तीतल्या कामाच्या करारात डागडुजी कोण करणार, पैसा कुठून येणार, भिंत पाडायची झाली तर रहिवाशांना किती दिवस आधी कळवायचे, हे लेखी असावे लागते.