घर नेमके कोणते? मोबाइलवरील सर्वेक्षण आणि पाच मीटरांचा फरक

पुण्यातील एखाद्या वस्तीत घरोघरी शौचालये बांधायची असतील, तर कोणत्या घरात ते नाही, त्या घरात माणसे किती आणि ड्रेनेजची वाहिनी दारापासून किती अंतरावर आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. १९९३ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या संस्थेने घरोघरची माहिती वस्तीच्या नकाशाशी जोडण्यावर भर दिला, तो याचसाठी. अशी माहिती गोळा करण्याचे सर्वांत सोयीचे साधन आज मोबाइल आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात गाएतानो बोरिएल्लो यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘ओपन डेटा किट’ या मुक्त प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्या साहाय्याने कोणतीही संस्था मराठीत प्रश्नावली तयार करू शकते. ‘घरात शौचालय आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ आले की त्यासंबंधीचे पुढचे प्रश्न उघडतात. वयाच्या रकान्यात चुकून २१० भरले गेले, तर फॉर्म पुढे सरकत नाही. रेंज नसली तरी भरलेली माहिती फोनमध्ये साठून राहते. मोबाइलमुळे वेळ वाचतो हे खरेच, पण कागदी फॉर्ममधील जी चूक पूर्वी कार्यालयात नोंदी करताना लक्षात येई, ती आता त्या घराच्या दारातच दुरुस्त होते, हा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो.

घराच्या स्थाननोंदीचे गणित मात्र नाजूक आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात आणि तो पोहोचायला लागलेल्या वेळावरून फोन अंतर काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्यामुळे वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरांचा फरक पडतो. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरांपर्यंत अचूक स्थान सांगतो. अरुंद बोळात संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतात आणि चूक वाढते. जेथे दोन दारांमध्ये तीन मीटरही अंतर नसते, तेथे एका कुटुंबाची नोंद सहज शेजाऱ्याच्या छपरावर जाऊन बसते. म्हणून दाट वस्तीत केवळ जीपीएसवर न विसंबता उपग्रहाच्या छायाचित्रावर घर ओळखून त्याला क्रमांक देणे आणि तोच क्रमांक फॉर्ममध्ये भरणे अधिक खात्रीचे ठरते.

ही अचूकता साधली की एक जबाबदारीही येते. नाव वगळले तरी घराच्या स्थानावरून कुटुंब ओळखता येते. त्यामुळे आजार किंवा उत्पन्नाविषयीची माहिती सर्वांसमोर मांडताना ती घरनिहाय न देता गल्ली किंवा वस्तीनिहाय एकत्र करूनच द्यावी.

शिवाय फॉर्म उत्तराचा केवळ साचा तपासतो, खरेपणा नव्हे. ‘पाणी नियमित येते का?’ याला संकोचाने ‘हो’ म्हणणारी गृहिणी ‘काल नळाला किती वेळ पाणी होते?’ या प्रश्नाला नेमके उत्तर देते. प्रश्नावली त्याच वस्तीतील काही बायकांना आधी वाचून दाखवावी आणि सर्वेक्षणानंतर मोजक्या घरांमध्ये दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारावेत. दोन्ही उत्तरे जेथे जुळत नाहीत, तेथे बहुधा प्रश्नच बदलावा लागतो.